नाटक कोणाचे आणि चित्रफीत कोणाची?



कार्तिक लागला की आपल्या सिंधुदुर्गात देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की रात्रीचा दशावतार आलाच. पालखीची प्रदक्षिणा होते, मध्यरात्र उलटते, मृदंगावर थाप पडते, पायपेटीचा सूर लागतो आणि संकासूर नाचत येतो. इथपर्यंत सगळे आपल्या आज्यापणज्यांनी पाहिले तसेच आहे. नवीन एवढेच, की संकासुराच्या पुढ्यात आता दहावीस हात वर उठलेले असतात आणि प्रत्येक हातात एकेक मोबाईल उजळलेला असतो. मसुऱ्यात पाहा, वालावलला पाहा, पारुळ्याला पाहा, चित्र हेच. पहाटे दहीहंडी फुटण्याआधीच आख्यानातला युद्धप्रसंग मुंबईच्या चाकरमान्याच्या खोलीत आणि आखाती देशातल्या कामगाराच्या बिछान्यापाशी पोचलेला असतो.

याला वाईट कोण म्हणेल? गावाबाहेर पोटासाठी गेलेल्या माणसाला आपल्या देवळातला धयकालो घरबसल्या दिसतो, हे चांगलेच झाले. परंतु त्यातून एक प्रश्न निघतो. ही जी चित्रफीत इंटरनेटवर चढली, ती कोणाची? जिचा मोबाईल त्याची? ज्यांनी बिदागी दिली त्या देवस्थानाची? की रात्रभर घसा फोडून ज्यांनी राजे आणि राक्षस उभे केले त्या नटांची? हा प्रश्न विचारला की बहुधा उत्तर मिळते ते असे : "देऊळ आमचा, पैसे आमी दिले, मोबाईल माझो. मग ह्येच्यात चोरी खय इली?" हे उत्तर रोखठोक आहे आणि वरवर पाहता त्यात खोटही दिसत नाही. पण कायद्याला ते मान्य नाही. का मान्य नाही, ते आज पाहू.

स्वामित्वहक्क, ज्याला आपण सर्रास कॉपीराइट म्हणतो, ती कल्पना मूळची छापखान्याची. पुस्तक एकदा छापले की दुसरा कोणीही ते छापून विकू शकतो, मग लेखकाने लिहायचे कशाला, या अडचणीतून इंग्लंडमध्ये 1710 साली पहिला कायदा झाला. आपल्याकडे 1914 चा इंग्रजी अमदानीतला कायदा होता. स्वातंत्र्यानंतर 1957 साली आपण आपला कायदा केला आणि तो 21 जानेवारी 1958 पासून अमलात आला. आजही तोच कायदा चालू आहे, मात्र त्याला वेळोवेळी इतकी ठिगळे जोडली आहेत की मूळ कापड शोधावे लागते.

या मूळ कापडात नट नव्हता. लेखक होता, संगीतकार होता, चित्रकार होता, सिनेमाचा निर्माता होता. पण ज्याच्या तोंडून शब्द बाहेर पडतात आणि ज्याच्या हातून वाद्य वाजते, त्याला कायद्याने हिशेबातच धरले नव्हते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस नट देव आनंद यांचा एक खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. तेव्हा न्यायालयाला सांगावे लागले, की सिनेमातला नटाचा अभिनय म्हणजे काही कायद्यात सांगितलेली 'कृती' नव्हे, त्यामुळे त्यावर नटाला स्वामित्वहक्क सांगता येत नाही. देव आनंदसारख्याची ही स्थिती, तर देवळाच्या मांडवात तोंडाला रंग लावून उभ्या राहणाऱ्या आपल्या गड्याची काय कथा!

ही उणीव 1994 च्या दुरुस्तीने भरली गेली. त्या वर्षी 'प्रयोगकर्त्याचे हक्क' कायद्यात आले. प्रयोगकर्ता म्हणजे कोण याची कायद्याने दिलेली यादी मोठी मजेशीर आहे. नट, गायक, वादक, नर्तक हे त्यात आहेतच. पण कसरतपटू, हातावर चेंडू झेलणारा, जादूगार, गारुडी हेही आहेत आणि त्यांच्याच पंगतीत व्याख्यान देणारा माणूसही बसवला आहे. म्हणजे सापाची पुंगी वाजवणारा आणि हे भाषण करणारा प्राध्यापक कायद्याच्या दृष्टीने एकाच जातीचे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. शेवटी 'प्रयोग करणारा अन्य कोणीही' असे शब्द घालून सरकारने दार सताड उघडे ठेवले आहे. तेव्हा दशावतारातला नट, मृदंग वाजवणारा, पायपेटीवर बसून पदे म्हणणारा नाईक हे सगळे प्रयोगकर्ते ठरतात, याविषयी शंका घ्यायला जागा नाही.

प्रयोगकर्त्याला मिळते काय? त्याच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करणे, ते साठवून ठेवणे, त्याच्या प्रती काढणे, ते प्रसारित करणे आणि लोकांपर्यंत पोचवणे, या सगळ्या गोष्टींची परवानगी देण्याचा हक्क त्याचा. आरंभी हा हक्क 25 वर्षांचा होता, 1999 च्या दुरुस्तीने तो 50 वर्षांचा झाला. मोजणी प्रयोग झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून करायची. म्हणजे 2025 च्या डिसेंबरात झालेल्या दहीकाल्यावरचा नटाचा हक्क 31 डिसेंबर 2075 पर्यंत चालतो. यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, स्टँप लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. नट बोलला की हक्क जन्माला आला.

आता दशावताराची एक खासियत इथे ध्यानात घेतली पाहिजे. संगीत नाटकाला संहिता असते, दशावताराला नसते. आख्यान कोणते हे प्रयोगाआधी ठरते, कोण राजा आणि कोण राक्षस हे ठरते, पण संवाद नट आयत्या वेळी रचतो. समोरच्याने पेच टाकला की त्याच दमात उत्तर द्यायचे. पुराणे वाचलेली, प्रवचने ऐकलेली, जीभ तयार. असा नट रंगात आला की सवालजबाब तासभर चालतात. आता कायदा नाट्यकृतीला संरक्षण देतो, पण तिची मांडणी लेखनात किंवा दुसऱ्या एखाद्या रीतीने पक्की झालेली असावी अशी त्याची अपेक्षा आहे. आयत्या वेळच्या संवादाला ही अट लावायची कशी? त्यामुळे 'मी नाटककार' म्हणून हक्क सांगायला दशावतारी नटाला अडचण येते. कथा तर त्याची नव्हेच, ती व्यासांची. आणि कथाकल्पनेवर कोणाची मालकी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्वच्छ सांगितले आहे. आनंद यांचे 'हम हिंदुस्थानी' हे नाटक आणि 1956 चा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांत मध्यवर्ती कल्पना सारखी होती, पण मांडणी निराळी होती, म्हणून चित्रपटवाले सुटले. एका कंपनीने एखादे आख्यान लावले म्हणून दुसऱ्या कंपनीने ते लावू नये असे म्हणता येत नाही, ते याच न्यायाने.

मग उरले काय? उरला प्रयोग. ज्या नटाजवळ लिहिलेले एक पान नाही, त्याच्यापाशी प्रयोगकर्त्याचा हक्क मात्र पुरेपूर आहे. दशावतारासारख्या न लिहिलेल्या कलेला 1994 ची दुरुस्ती इतकी लागू पडते, की वाटावे ती कोणी पारुळ्याच्या नाटकाला बसूनच लिहिली असावी. तसे अर्थात झालेले नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमाची गाणी आणि कॅसेटचा धंदा होता. पण सावली कोणासाठी लावलेल्या झाडाची आहे हे पाहून वाटसरू बसत नाही.

मोबाईलवाल्याचा हक्क मुळीच नाही असेही नव्हे. चित्रीकरण ज्याने केले, त्याचा त्या चित्रफितीवर हक्क असतो. इथे आपल्या कोकणातल्या माणसाला कायदा समजावून द्यायला वकील नको, सातबारा पुरे. जमीन एकाची, तिच्यातले माड दुसऱ्याचे, विहिरीच्या पाण्यात तिसऱ्याचा वाटा, आणि वहिवाट चौथ्याची, हे आपण जन्मापासून पाहतो. चित्रफितीचेही तसेच. तीत चित्रीकरण करणाऱ्याचे नाव एका रकान्यात, नटांची आणि वादकांची नावे दुसऱ्या रकान्यात, आणि मध्येच एखादे सिनेमातले गाणे किंवा त्याची चाल वापरली असेल तर त्या गाण्याच्या मालकाचे नाव तिसऱ्या रकान्यात. एका सहहिस्सेदाराने बाकीच्यांना न विचारता जमीन विकली तर काय होते, ते मालवणच्या कोर्टात जाऊन आलेल्यांना विचारावे.

देवस्थान समितीचे म्हणणे असते, की आम्ही बिदागी दिली आहे. दिली आहे, पण कशाची? एका रात्रीच्या नाटकाची. ती देऊन समितीने प्रयोग विकत घेतला, प्रयोगाची चित्रफीत नव्हे. हा फरक नीट समजावा म्हणून लग्नाचे उदाहरण घ्या. आपण पैसे देऊन छायाचित्रकाराला बोलावतो, तेव्हा वेगळा करार नसेल तर त्या फोटोंचा आणि चित्रफितीचा पहिला मालक पैसे देणारा असतो. कारण तिथे पैसे चित्रीकरणासाठीच दिलेले असतात. दशावतारी कंपनीला दिलेल्या पैशात चित्रीकरणाचा विषयच नसतो.

सर्व चित्रीकरणाला बंदी आहे का? नाही. कायदा इतका आडमुठा नाही. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी चित्रीकरण केले तर चालते. प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी केले तरीही चालते. बातमी देण्यापुरता तुकडा दाखवलेला चालतो. म्हणजे तुम्ही संकासुराचे नाचणे टिपून घरच्या म्हातारीला दाखवले, किंवा गुरुजींनी वर्गात लोककलेचा धडा शिकवताना दहा मिनिटे लावले, तर कोणी हरकत घेणार नाही. गाडी अडते ती चित्रफीत सगळ्या जगाला खुली केल्यावर. जत्रेतून थेट प्रक्षेपण करणे हेही त्यातच येते.

इथे काही जण म्हणतील, की बाबा रे, मोबाईलमुळेच दशावतार जगला. नवीन पोरे नाटकाला येत नव्हती, ती यूट्यूबवर पाहून येऊ लागली. अमक्या नटाची स्त्री-भूमिका लाखांनी पाहिली आणि त्याच्या कंपनीच्या तारखा भरल्या. ह्यात तथ्य आहे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि त्यानंतर आपल्या लोककलांना जो प्रेक्षक मिळाला तो आधी कधी मिळाला नव्हता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि ऐन हंगामात नाटके बंद पडली. तेव्हा लोकांनी जुन्या चित्रफितींवरच आपली हौस भागवली. शिवाय दशावताराचा खरा रसिक एकच आख्यान पंचवीस वेळा पाहतो. तो कथेसाठी जातच नाही, नटासाठी जातो.

पण दहा मिनिटांचा तुकडा नटाच्या नावानिशी दाखवणे निराळे आणि रात्रभराचे नाटक नांदीपासून शेवटपर्यंत चढवणे निराळे. पहिल्याने जाहिरात होते. दुसऱ्यात कंपनीने पैसे आणि डोके खर्चून बसवलेला नवा ट्रिकसीन पुढच्या गावच्या जत्रेआधीच त्या गावाने पाहिलेला असतो. त्यात कमाई होते ती वेगळ्याच माणसाची. यूट्यूबवर जाहिरातींचा पूर्ण वाटा मिळायला चॅनेलचे 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचे पाहणे लागते. एका नटाला हे जमवणे अवघड. पण हंगामभर जत्राजत्रांतून नाटके टिपत फिरणाऱ्याला सोपे. यातला नट दिवसा शेतात किंवा दुकानात राबणारा असतो आणि रात्री नाटक करून पहाटेच्या टेंपोने परततो, हे आपल्याला सांगायला नको. आणि त्या चित्रफितीखाली त्याचे नाव? शंभरात किती वेळा असते ते श्रोत्यांनी स्वतःच पाहावे. मथळा असतो 'जबरदस्त युद्ध' किंवा 'हसून हसून पोट दुखेल'. 2012 च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याला हाही हक्क दिला आहे, की हा प्रयोग माझा आहे असे त्याला म्हणता यावे आणि त्याच्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड कोणी केली तर ती थांबवता यावी. सवालजबाबातले एक वाक्य मागचे-पुढचे तोडून नटाला थट्टेचा विषय केलेले तुकडे फिरतात, त्यांना हे लागू आहे.

यूट्यूबच्या कारभाराचीही थोडी माहिती हवी. 2005 साली ते सुरू झाले, 2006 मध्ये गूगलने घेतले. त्यावर दर मिनिटाला 500 तासांहून अधिक चित्रण चढते, तेव्हा माणसांनी बसून ते तपासणे अशक्य. म्हणून 2007 पासून त्यांनी एक यंत्रव्यवस्था ठेवली आहे. मोठमोठ्या संगीत कंपन्या आपली गाणी त्या यंत्राकडे देतात. यंत्र प्रत्येक गाण्याचा जणू अंगठ्याचा ठसा घेते आणि नवीन चढणाऱ्या प्रत्येक फितीशी तो ताडून पाहते. ठसा जुळला की गाण्याच्या मालकाला तीन वाटा मोकळ्या असतात. फीत बंद करावी, तिच्या जाहिरातींचे पैसे आपल्याकडे वळवावेत, किंवा नुसती नजर ठेवावी. यालाच 'क्लेम' म्हणतात. क्लेम आला म्हणून घाबरायचे कारण नाही. तो चुकीचा वाटला तर हरकत नोंदवता येते आणि समोरच्याला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. 'स्ट्राइक' मात्र निराळा. तो मालकाने रीतसर तक्रार केल्यावर लागतो आणि 90 दिवसांत तीन लागले तर चॅनेल बंद होते.

यातली विसंगती पाहा. नाटक चालू असताना जत्रेतल्या दुकानावर सिनेमाचे गाणे लागले असेल, तर यंत्र ते अचूक ओळखते आणि त्या मालकाचे पैसे त्याला पोचवते. पण ज्याच्यासाठी लोक ती फीत पाहतात तो दशावतारी नट यंत्राला ओळखू येत नाही, कारण त्याचा ठसा कोणी दिलेलाच नाही. आणि ही ठशाची सोय लहानसहान माणसाला मिळतही नाही, ती मोठा साठा असलेल्यांसाठी आहे. लहान कंपनीने तक्रारीचा अर्ज स्वतः भरायचा.

गाण्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत व लग्नाशी निगडित सोहळ्यांत गाणी वाजवली तर त्याला स्वामित्वहक्काची बाधा येत नाही, असे 1957 च्या कायद्याचे कलम 52 सांगते. केंद्र सरकारच्या संबंधित खात्याने जुलै 2023 मध्ये सूचना काढून याची आठवण करून दिली. शेजारच्या गोव्यात सरकारने जानेवारी 2024 मध्ये असेच परिपत्रक काढले, तेव्हा संगीत कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट 2024 मध्ये ते परिपत्रक रद्द केले. कलम मात्र जागच्या जागी आहे. ही सूट वाजवण्याची आहे. तीच वरात त्या गाण्यासकट इंटरनेटवर घातली तर यंत्र आपले काम करणारच.

गावकरी मंडळी हौसेने जे नाटक बसवतात त्यालाही कलम 52 मध्ये जागा आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक केले, किंवा देवळाच्या मदतीसाठी केले, तर लेखकाच्या परवानगीवाचून चालते. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 साली रंगभूमीवर आले आणि आपल्या मालवणीचा डंका साता समुद्रापलीकडे वाजला. त्या नाटकातल्यासारखीच एखादी गावमंडळी ते नाटक जत्रेत फुकट करू लागली तर कायदा आड येणार नाही. तिकीट लावून मंडळाच्या तिजोरीत पैसे टाकायचे असतील तर परवानगी हवी. आणि कायदा काही म्हणो, फुकट प्रयोग करतानाही लेखकाला चार ओळींचे पत्र टाकण्याची आपली जुनी रीत चांगली होती, असे माझे मत आहे.

शिक्षक बंधुभगिनींना याच कलमाचा फार उपयोग आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने पुस्तकातला मजकूर उतरवून घेतला, प्रश्नपत्रिकेत उतारा घातला, तर तो भंग नव्हे. 2016 मध्ये दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाचा खटला गाजला. परदेशी प्रकाशकांनी फिर्याद केली होती. शिकवण्यासाठी गरजेपुरत्या उताऱ्यांच्या प्रती काढायला हरकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवले आणि पुढे प्रकाशकांनी दावा काढून घेतला. स्नेहसंमेलनात मुलांनी नाटक केले आणि समोर शिक्षक, विद्यार्थी व पालकच असले, तर त्यालाही सूट आहे. शाळेच्या चॅनेलवर ते चढवले की प्रेक्षक सारे जग होते आणि सूट तिथे संपते.

व्हॉट्सॲपच्या गटात आख्खे पुस्तक पीडीएफ करून टाकणे मात्र कोणत्याच सुटीत बसत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची निघते. दोनशे शिक्षकांच्या पाच गटांत एक पीडीएफ फिरली की ती आवृत्ती बसली. 'ज्ञानाचा प्रसार' म्हणून हे करणारे सज्जन असतात, ही त्यातली खरी अडचण.

मोफत आणि निर्वेध वापरता येतील अशीही पुस्तके पुष्कळ आहेत. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क चालतो. आधी ही मुदत 50 वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 साली गेले, त्यामुळे 1991 अखेर त्यांच्या ग्रंथांवरचा विश्वभारतीचा हक्क संपणार होता. तो टिकावा म्हणून वर्ष सरता सरता वटहुकूम निघाला आणि 1992 मध्ये सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढली. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचे साहित्य 1 जानेवारी 2011 पासून सर्वांचे झाले. 'श्यामची आई' तुम्ही फळ्यावर लिहा, मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रण करा, शाळेच्या संकेतस्थळावर ठेवा, कोणी विचारणार नाही. मात्र नव्या आवृत्तीतली नवी चित्रे त्या चित्रकाराची असतात. शिरोड्याला ज्यांनी मास्तरकी केली ते वि. स. खांडेकर 1976 साली गेले, त्यांचा हक्क 2036 अखेरपर्यंत आहे. वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर 2015 च्या डिसेंबरात गेले, त्यांच्या कविता 2075 अखेरपर्यंत विचारूनच छापाव्या लागतील.

नटाच्या आवाजाकडे परत येतो, कारण त्यावर नवे संकट आले आहे. माणसाचा आवाज थोडा वेळ ऐकवला की त्याच आवाजात हवे ते बोलणारी यंत्रे निघाली आहेत. 2024 मध्ये गायक अरिजित सिंग आणि 2025 मध्ये आशा भोसले यांना आपला आवाज असा वापरला जाऊ नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम घ्यावा लागला. इंटरनेटवर ज्याची रात्र-रात्रभराची संभाषणे पडून आहेत, अशा दशावतारी नटाचा आवाज उचलणे त्याहून सोपे आहे, आणि त्याला उच्च न्यायालय लांब आहे.

म्हणून जे करायचे ते जत्रेची तारीख ठरवताना करावे. देवस्थान आणि कंपनी यांचे बोलणे होतेच. बिदागी ठरते, पेटारा उतरवण्याची आणि जेवणाखाण्याची सोय ठरते. त्याच कागदावर चार ओळी वाढवायला वेळ लागत नाही. चित्रीकरण कोणी करायचे आणि किती मिनिटांचे. संपूर्ण नाटक चढवायचे की नाही, चढवायचे तर कोणाच्या चॅनेलवर. गावाबाहेरच्या माणसांसाठी थेट प्रक्षेपण ठेवायचे असेल तर ते दुसऱ्या दिवशी काढून टाकायचे की राहू द्यायचे. जाहिरातीचे पैसे आले तर कंपनीचा वाटा किती. आवाजाचा वापर यंत्राच्या शिकवणीसाठी करायचा नाही, हेही लिहावे. रेडिओवर भाषणाला बोलावणे आले की आमच्याकडे आधी कराराचा कागद येतो, त्यावर सही झाल्यावाचून कोणी ध्वनिक्षेपकापुढे बसू देत नाही. पंधरा मिनिटांच्या भाषणाला कागद लागतो, तर रात्रभराच्या नाटकाला का नको? आणि फितीखाली नावे लिहिताना राजाचे आणि राक्षसाचे लिहून थांबू नये. मृदंगावर कोण, झांजेला कोण, पायपेटीवर कोण आणि संकासूर कोणी नाचवला, तेही लिहावे. कायद्याच्या यादीत वादक नटाच्या बरोबरीने बसला आहे.